विहिरीत सापडलेला सोडा

हसायचं तर पोटभर हसा, पण आधी एक कबूल करा: हा किस्सा माझ्या सुनेच्या कानावर जाता कामा नये. ती मला फार हुशार समजते. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, म्हणजे सासरा अर्धा शास्त्रज्ञ असणार, असा बिचारीचा समज आहे. मी तो मोडलेला नाही. कशाला मोडू? एवढ्या आयुष्यात असं समजणारं एक तरी माणूस भेटलं!

तर घ्या चहा. मी एकदा एका अख्ख्या गावाला त्याच्याच विहिरीची भीती घातली होती. तीही शास्त्रशुद्ध पद्धतीनं, वहीत नोंदी करून!

आणीबाणी संपून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी नागपुरातून नुकताच बी.एस्सी., बी.एड. होऊन आलो होतो आणि मोहाडीपासून सायकलनं अर्ध्या तासावरच्या एका गावी हायस्कुलात विज्ञानाचा मास्तर म्हणून लागलो होतो. गावाचं नाव विचारू नका. तिथले लोक मला अजून ओळखतात, तेवढं पुरे आहे.

मी मूळचा अड्याळचा. घरी आम्ही सगळे 'मले-तुले' करणारे. पण कॉलेजात राहून आल्यावर मी वर्गात एकदम छापील मराठी झाडायला लागलो होतो. "विद्यार्थ्यांनो, निरीक्षण करा!" अशी. घाबरलो की मात्र माझी भाषा मला न विचारता अड्याळला परत जायची.

राहायला जागा मिळाली अंजनाकाकूंच्या घरी. काकू आणि त्यांचे यजमान नामदेवकाका, दोघंच माणसं. घरात माग होता. काका त्यावर कोशाचं कापड विणायचे आणि त्याचं सूत काकू काढायच्या. आता कोसा म्हणजे रानातल्या रेशमी किड्याचं घर, चांगलं टणक. तो असा सहजासहजी सूत देतो होय? काकूंच्या परसात एक मोठी चूल होती. तिच्यावर हंड्यात सोड्याचं पाणी उकळायचं, त्यात कोसे शिजवून मऊ करायचे, मग त्यांना पाण्यावर पाणी देऊन सगळा सोडा काढायचा, आणि मग मांडीवर सूत वळायचं. मी सकाळी दात घासायला उठावं, तर काकूंचा निम्मा हंडा झालेला असायचा.

जेवायलाही मी त्यांच्याकडेच होतो. गरम भात, पोपटीच्या शेंगांची भाजी, वर काकूंचा आग्रह. पोरगं तेवीस वर्षांचं, लग्न नाही, त्यातून मास्तर. त्यांनी मला अगदी घरातलाच करून टाकलं होतं.

डिसेंबरात मुख्याध्यापकांनी मला खोलीत बोलावलं आणि एक परिपत्रक पुढं सरकवलं. भंडाऱ्याला जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन होतं आणि यंदाचा विषय होता 'आपल्या गावचे पाणी'. मुलांनी गावातल्या पाण्याचे नमुने घ्यायचे, तपासायचे, पाणी दूषित निघालं तर त्याचं कारण शोधायचं आणि उपाय करायचा.

"आपली शाळा आजवर प्रदर्शनात मोहाडीच्या पुढं गेली नाही," मुख्याध्यापक म्हणाले. "पण यंदा तुम्ही आहात."

यंदा तुम्ही आहात! अहो, तेविसाव्या वर्षी माणसाला असं काही म्हणू नये हो. मी खोलीतून बाहेर आलो तो चालत आलो की तरंगत, मला आठवत नाही.

नववीचा वर्ग हाताशी घेतला. सहा जागा ठरवल्या: गावची मोठी विहीर, देवळाजवळची विहीर, सरपंचांच्या वाडीतली विहीर, तलाव, नाला आणि शाळेचा पाण्याचा माठ. मोहाडीच्या एका दुकानदाराकडून टॉनिकच्या सहा रिकाम्या बाटल्या मागून आणल्या. बाटल्या चिकट, वास असा की माशी आत गेली तर तिला ताकद यावी!

शास्त्रात पहिली गोष्ट म्हणजे स्वच्छता. हे काम पोरांवर कसं सोपवायचं? मी स्वतः करायचं ठरवलं आणि काकूंकडे गेलो.

"काकू, मूठभर धुण्याचा सोडा द्या."

"कायले पाहिजे जी मास्तर?"

"बाटल्या धुवायच्या आहेत. प्रयोगाच्या."

काकूंनी ओंजळभर दिला. देता देता म्हणाल्या, "सात पानी द्या बरं का. सोडा असा लवकर निंगत नाही. बोटाले निसरडं लागते, तवर तो आतच असते."

मी हसलो. "काकू, मी बी.एस्सी. आहे."

"तुमी असान जी," काकू म्हणाल्या, "पन सोड्याले काय माहीत हाये ते?"

हे वाक्य मी तिथल्या तिथं ऐकलं असतं तर आज तुम्हाला चहाबरोबर सांगायला काहीच नसतं. पण ऐकतो कोण! मी मोठ्या विहिरीवर गेलो. तिथं ढोरांना पाणी पाजायचं दगडी टाकं होतं. त्यात बाटल्या बुडवल्या, सोडा घालून खळखळवल्या, उरलासुरला सोडा टाक्यातच झटकला, बाटल्यांना एक पाणी दिलं आणि उन्हात वाळत ठेवल्या. काय चमकत होत्या! तळाशी थोडं पांढरं पांढरं दिसत होतं, ते मी काचेचं तेज समजलो.

पाणी तपासायला हळदीचा कागद केला होता. टीपकागदाला हळदीचा लेप लावायचा, सावलीत वाळवायचा, पट्ट्या कापायच्या. पोरांना हे लगेच पटलं, कारण सदऱ्यावर वरण सांडलं आणि त्यावर साबण लावला की पिवळा डाग लाल होतो, हे प्रत्येकाच्या घरी झालेलं. साध्या पाण्यात पट्टी पिवळीच राहणार. पाण्यात साबण-सोडा असला तर लाल होणार.

पोरं बाटल्यांत पाणी घेऊन आली. पहिली पट्टी बुडवली. लाल! दुसरी, लाल! तिसरी, चौथी, पाचवी, आणि शाळेच्या माठाची सहावी, सगळ्या लाल!

आता थोडी अक्कल असलेला माणूस इथं थांबला असता की नाही? मी काय केलं? मी टेबलावर हात आपटून ओरडलो, "मुलांनो, मिळालं! आपलं पाणी दूषित आहे!"

आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. शपथ घेऊन सांगतो, टाळ्या!

वर्गात पुष्पा नावाची एक मुलगी होती. हात वर करायची आणि तो खाली यायच्या आत बोलून मोकळी व्हायची.

"सर, माठातलं पानी पन लाल?"

"हो."

"पन ते तर आपन रोज पेतो."

"म्हणूनच हा विषय गंभीर आहे."

"सर, एक पट्टी बिनबाटलीची, सरळ विहिरीच्या बालटीत बुडवून पाहू का?"

"पुष्पा," मी छापील आवाजात म्हणालो, "शास्त्रात पद्धत असते. नमुना बाटलीतच घेतात. खाली बस."

पुष्पा बसली. पण मनातून ती उभीच होती, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

मी घाई केली असं मात्र म्हणू नका. प्रयोग तीनदा करायचा असतो हे मला ठाऊक होतं. तीनदा केला. तीनदा बाटल्या धुतल्या, दर वेळी आधीपेक्षा जास्त सोडा घेऊन, दर वेळी त्याच टाक्यात. आणि दर वेळी पट्टी आधीपेक्षा लाल! मी वहीत लिहिलं, 'प्रदूषण झपाट्याने वाढत आहे.'

आता एवढी मोठी गोष्ट सरपंचांना सांगायला नको? सरपंच तुकारामजी भला माणूस, पण आवाज असा की ते हळू बोलले तरी तलावापलीकडे ऐकू जावं. त्यांनी संध्याकाळी ग्रामपंचायतीपुढं गाव गोळा केलं. मी खुर्चीवर उभा राहून लाल पट्ट्या दाखवल्या आणि विहिरींत सोडा असल्याचं जाहीर केलं.

मग एक म्हातारे मांडीवर थाप मारून उठले.

"म्हनून! म्हनून आमच्या घरी डाळ लवकर शिजून राहिली! मी म्हनो, बुढी सुधरली!"

"माहे केस गेले ते याच्यानंच," दुसरा म्हणाला. त्याचे केस जाऊन दहा वर्षं झाली होती, पण गर्दीत कोण विचारतो?

"अन् माहा बैल!" सरपंच गरजले. "चार दिवस झाले, मोठ्या विहिरीवरच्या टाक्यात तोंड घालत नाही. मुकं जनावर, पन त्याले समजलं अन् आपल्याले नाही!"

"हा फार मोलाचा पुरावा आहे," मी म्हणालो आणि वहीत बैलाची नोंद केली. रंगासकट.

"पन मास्तर," सरपंचांनी विचारलं, "हा सोडा येऊन कुठून राहिला?"

मी वहीची पानं उलटायला लागलो. तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "गावात सोडा पोत्यानं कोनाकडे येते?" आणि सगळ्या माना एकदम वळल्या. अंजनाकाकू दाराशी उभ्या होत्या.

"माह्यं पानी मी परसातल्या खड्ड्यात टाकते," काकू म्हणाल्या. "वीस वरसं झाली. कुठं माह्यं परस, कुठं विहीर! काय जी मास्तर, सांगा ना यायले."

सगळ्या माना आता माझ्याकडे. आणि मी काय सांगितलं?

"जमिनीखालून झिरपू शकतं," मी म्हणालो.

सकाळी ज्या बाईच्या हातचं जेवून आलो होतो, तिच्या तोंडावर! एवढ्यावरही थांबलो नाही. "शास्त्र नातंगोतं पाहत नाही," असं वर जोडलं. आज इतक्या वर्षांनीसुद्धा ते वाक्य आठवलं की माझे कान गरम होतात.

सरपंचांनी निकाल दिला. काकूंनी रविवारपर्यंत चूल पेटवायची नाही. रविवारी सकाळी मास्तर मोठ्या विहिरीवर सगळ्यांसमोर कागद बुडवतील. लाल झाला तर काकूंची चूल कायमची नाल्यापलीकडे, रानाच्या कडेला न्यायची.

तुम्ही म्हणाल, न्यायची तर न्यायची. अहो, पण घर इकडं, माग इकडं, आणि काकूंचे गुडघे दुखणारे. ओले कोसे डोक्यावर घेऊन त्या रोज नाला कशा ओलांडणार होत्या? शिवाय माघात मोहाडीच्या एका घरी लग्न होतं. नवरदेवाचं कोशाचं धोतर आणि शेला काकूंकडेच सांगितलेला. ते वेळेवर गेलं नाही, तर पुढचं काम कोण देणार होतं? तेही 'सोडेवाली' असं नाव झालेल्या बाईला! चूल बंद म्हणजे सूत बंद, आणि सूत बंद म्हणजे काकांचा माग बंद. माझ्या सहा पट्ट्यांनी एक घर थांबवलं होतं.

इकडं बातमी शेजारच्या गावी पोचली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोठ्या विहिरीवर पाहतो, तर पलीकडच्या गावच्या दहा-बारा बाया गाठोडी घेऊन हजर!

"काय आणलं हे?" मी विचारलं.

"वाकळा," त्यांतली एक म्हणाली. "तुमच्या विहिरीत सोडाच सोडा हाये म्हन्ते ना? म्हटलं, सालभराचं धुनं काढून घेऊ."

आमच्या गावच्या बाया कालच्या सभेपासून त्या विहिरीला घाबरत होत्या. आता एकदम कमरेला पदर खोचून उभ्या राहिल्या. "आमच्या विहिरीचा सोडा हाये! तुमी काहून नेता?"

"सोड्यावर तुमचं नाव हाये का?"

"नाव नाही, पन मास्तर आमचा हाये!"

शेवटी पाहुण्या बायांनी वाकळा धुतल्याच. आणि वाळल्यावर म्हणाल्या, "पाहा, कशा पांढऱ्या झक्क निंगाल्या!" तासभर आपटल्यावर कुठलीही वाकळ पांढरी निघते, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. मी वहीत लिहिलं, 'पुरावा दुसरा.'

आणि घरी? घरी फार वाईट अवस्था होती. मला वाटलं, काकू आता म्हणणार, बिऱ्हाड उचला. पण नाही. संध्याकाळी पाट मांडलेला, ताट वाढलेलं. परसातली चूल थंड, काकांचा माग गप्प, आणि दोन्हींच्या मधे मी मान खाली घालून भात कालवतोय.

"घ्या जी अजून डाळ," काकू वाढता वाढता म्हणायच्या. "लवकर शिजली म्हन्तेत."

मी गपगप गिळायचो. त्या पाच दिवसांत काकूंनी माझं ताट एकदाही चुकवलं नाही, आणि मला एकही घास गोड लागला नाही. मनात यायचं, पट्टी पिवळी निघाली तर किती बरं होईल! मग बी.एस्सी. जागी व्हायची आणि म्हणायची, छे, तीनदा लाल झाली आहे.

रविवार उजाडला. मोठ्या विहिरीवर सगळं गाव. पोरं झाडावर, बाया ओट्यावर, सरपंच मधोमध, त्यांचा बैलसुद्धा दाव्याला धरून आणलेला, पुरावा म्हणून! नववीचा वर्ग रांगेत उभा. मी सकाळीच बाटली पुन्हा सोड्यानं लख्ख धुऊन आणली होती. निकालाच्या दिवशी घाणेरडी बाटली कशी चालेल?

विहिरीतून पाणी काढलं, बाटलीत भरलं, पट्टी बुडवली. लालभडक!

"अरे बापा!" गाव एका आवाजात म्हणालं.

"झालं," सरपंच म्हणाले. "अंजनाबाई, आता..."

"थांबा जी," काकू पुढं आल्या. "एकडाव माह्या हातानं काढलेल्या पान्यात टाका."

त्यांनी स्वतः बालटी सोडली, दोरानं भराभर वर ओढली आणि माझ्यापुढं ठेवली. मी बाटली पुढं केली.

"बाटली नाही," काकू म्हणाल्या. "बालटीतच टाका."

"पण पद्धत..." मी म्हणतोय तोवर पुष्पानं माझ्या हातातली पट्टी घेतलीसुद्धा आणि बालटीत बुडवली.

पट्टी पिवळी.

"जरा वेळ लागतो," मी म्हणालो.

सगळं गाव वाकून एका पट्टीकडे पाहू लागलं. मी पाहिलं, सरपंचांनी पाहिलं, बैलानं पाहिलं. किती वेळ गेला कोण जाणे. पट्टी पिवळी ती पिवळीच! अशी पिवळी की हळदीला बसलेली नवरी असावी.

काकूंनी माझ्या हातातून बाटली घेतली, ओतून दिली, ताजं पाणी थोडं घातलं, हलवलं आणि बोटावर घेऊन अंगठ्यानं चोळलं. वीस वर्षं कोसे धुतलेलं ते बोट. त्यांचा चेहरा आधी गोंधळला, मग हळूहळू उजळला.

"मास्तर, बाटली कायनं धुतली?"

"सोड्यानं."

"कोनाच्या?"

"तुमच्या."

"किती पानी दिले?"

माझी भाषा अड्याळला पोचली होती. "एक," मी म्हणालो. "एकच देल्लं, काकू."

"एऽऽक!" झाडावरची पोरं ओरडली.

अजून एक आशा होती. सरपंच कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "सोडा बाटलीतला होय, मानलं. मंग माहा बैल काहून पेत नाही?"

पुष्पा गप्प बसेल तर शपथ! तिनं दुसरी पट्टी काढली आणि ढोरांच्या टाक्यात बुडवली. लाल. सगळं गाव पुन्हा वाकलं.

"सर," पुष्पानं विचारलं, "तुमी बाटल्या कुठं धुतल्या होत्या?"

माझी नजर टाक्याकडे गेली, आणि माझ्या नजरेमागून अख्ख्या गावाची गेली.

तुम्ही कधी तीनशे माणसांना एकदम हसताना ऐकलंय? पाखरं उडाली हो झाडावरची! केस गेलेला माणूस सगळ्यात जोरात हसत होता. शेजारच्या गावची एक बाई उरलेल्या दोन वाकळा घेऊन तेवढ्यात पोचली होती. ती विचारत होती, "म्हंजे सोडा नाही? मी एवढ्या दुरून आली ना!"

मला मात्र हसू येईना. मी काकूंच्या पुढं गेलो आणि हात जोडले. "काकू, मले माफ करा. तुमची चूल मी बंद केली. गावकरी हो, काकूले काही नका म्हनू, सोडा माह्याच हातचा होय." इतकी लाज मला त्याआधी वाटली नव्हती, नंतरही नाही.

काकू पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मला वाटलं रडताहेत. पदर काढला तर हसून हसून डोळ्यांत पाणी!

"माफी रायू द्या जी," त्या म्हणाल्या. "पाच दिवस वाया गेले माहे. लगन काही आपल्यासाठी थांबून राहते? उद्या सकायीच हंडा उचलाले या."

"आमी पन येतो, काकू," पुष्पा म्हणाली. आणि नववीचा वर्ग टाळ्या वाजवायला लागला. या वर्गाला टाळ्यांचं भारी वेड होतं.

आधी मी टाकं उपसलं, घासलं, नवीन पाणी भरलं. सरपंचांचा बैल आला, पाणी हुंगलं, मग मला हुंगलं, आणि खात्री पटल्यावर प्यायला. मग आठवडाभर शाळेआधी आणि शाळेनंतर आम्ही सगळे काकूंच्या परसात पाणी वाहत होतो. कोसे धुवायचं काम काकूंनी मला दिलं. मी धुवायचे, त्यांनी बोट लावायचं आणि म्हणायचं, "आनखी एक पानी." तीन वेळा नापास झालो, चौथ्यांदा पास. बी.एड.ला एवढा आनंद झाला नव्हता! काका मागावरून उठतच नव्हते. लग्नाच्या दोन दिवस आधी धोतर आणि शेला माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बांधून मीच मोहाडीला पोचवला. शेल्याची ती सोनेरी झळाळी पाहून नवरदेवाची आई नुसती हात फिरवत राहिली. काकूंना येऊन हे सांगितलं, तेव्हा त्या फक्त "हो का जी" म्हणाल्या आणि मला दोन पोळ्या जास्त वाढल्या. त्या दिवशी घास गोड लागला.

राहता राहिलं प्रदर्शन. मी म्हणालो, आता कसलं प्रदर्शन! पाणी तर चांगलंच निघालं. पण पुष्पा परिपत्रक घेऊन समोर उभी.

"सर, दूषित पानी सापडलं. टाक्याचं. कारन सापडलं. उपाय पन केला, टाकं धुतलं. यात आनखी काय लिहिलं हाये?"

आणखी काही लिहिलेलं नव्हतं. पोरांनी नव्यानं सगळे नमुने घेतले, बाटल्या काकूंच्या बोटाखालून पास करून घेतल्या, तक्ता रंगवला. तक्ता मला दाखवला नाही. म्हणाले, "सर, भंडाऱ्यालेच पाहा."

भंडाऱ्याला मोठा हॉल, जिल्हाभरच्या शाळा, पार दूरच्या दिघोरीपासून पोरं आलेली. आमचा तक्ता भिंतीवर लागला आणि मी वाचायला गेलो. सहा ओळींत 'पाणी चांगले'. सातवी ओळ लाल शाईत: 'ठिकाण – ढोरांचे टाके. पाणी – दूषित. प्रदूषणाचा उगम – आमचे विज्ञानाचे सर.'

मी सरळ खांबामागं गेलो. तेवढ्यात परीक्षक आले. त्यांनी तक्ता वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"हा जो प्रदूषणाचा उगम आहे," त्यांनी गंभीरपणे विचारलं, "तो सध्या कुठं आहे?"

"ते काय जी," पुष्पानं बोट दाखवलं, "खांबामागं उभे हायेत."

परीक्षकांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं, वहीत काहीतरी टिपलं आणि म्हणाले, "अस्सं. पण बाळ, उगम सापडला तर तो बंद करायला हवा. तुम्ही का नाही केला?"

"करनार होतो, साहेब," पुष्पा म्हणाली. "पन वार्षिक परीक्षा जवळ आली. तवर लागतात ते आमाले."